धरण्याचा व्हिडिओ, घरी आलेला शिपाई आणि मुचलक्याची नोटीस: इंदूरच्या रहिवाशांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या एका वसाहतीतले साठेक रहिवासी, त्यातले बरेचसे निवृत्त, झाडतोडीच्या विरोधात रविवारी सकाळी दोन तास रीगलच्या गांधी पुतळ्यापाशी फलक घेऊन उभे राहिले. थान्यात (पोलीस ठाण्यात) फक्त तोंडी कळवलं होतं. पोलिसांनी सगळ्यांचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एका हवालदाराने नाव, मोबाइल, आधार नंबर लिहून घेतले. चार दिवसांनी बीटचा शिपाई दोघांच्या घरी आला आणि पुढच्या वेळी किती जण येणार ते विचारून गेला. तिघांना एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) कार्यालयातून शांतता राखण्याच्या मुचलक्याची (हमीपत्राची) नोटीस आली. एका काकूंना ‘थान्यात येऊन भेटा’ असा व्हॉट्सअ‍ॅप आला. पुढच्या महिन्यात पुन्हा धरणं ठेवायचं आहे. ह्यातलं कायद्यात काय बसतं, काय नाही, आणि पुढे कसं वागायचं?

चौकात व्हिडिओ काढला ह्यावर शक्ती घालवू नका. सार्वजनिक जागी उघड उभ्या असलेल्या माणसाचं चित्रण पोलिसांनी करू नये असं सांगणारा नेमका कायदा आज आपल्याकडे नाही, आणि गर्दी शांत होती हे सिद्ध करायला पुढे तोच व्हिडिओ तुमच्या कामी येतो. भांडायचं ते त्याच्या पुढच्या टप्प्यावर: तुमच्या नावाची नोंद कुठे झाली, ती किती दिवस राहणार आणि तिच्या जोरावर तुमच्या दारापर्यंत कोण येणार. तुमच्या बाबतीत ह्या साखळीतली सगळ्यात धोक्याची कडी म्हणजे मुचलक्याची नोटीस. व्हिडिओ आणि शिपाई हे तिच्यापुढे किरकोळ आहेत.

म्हणून आधी तिच्याबद्दल.

नोटिशीवर कलम कोणतं लिहिलंय ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६ आणि १३५ असेल तर ते जुन्या दंड प्रक्रिया संहितेचं १०७-११६. पोलिसांच्या भाषेत ‘बाउंड ओव्हर’. ह्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. १२९ लिहिलं असेल तर ते सराईत गुन्हेगारांसाठीचं कलम, मुदत तीन वर्षांपर्यंत. ते निवृत्त शिक्षकाला लावलं असेल तर त्याच दिवशी वकील गाठा.

इंदूर शहरात ९ डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त प्रणाली आहे. त्यामुळे जी सुनावणी पूर्वी एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदारापुढे व्हायची ती आता कार्यपालक मजिस्ट्रेटचे अधिकार मिळालेल्या एसीपींपुढे होते. व्हिडिओ काढणारं खातं, अहवाल देणारं खातं आणि मुचलका मागणारं खातं एकच. हे मला पटत नाही, पण सध्या कायदा असाच चालतो. म्हणून एसीपीपुढे जे बोलाल ते सगळं लेखी हवं, म्हणजे पुढे सत्र न्यायालयाला ते वाचता येईल.

कलम १३० सांगतं की लेखी आदेशात चार गोष्टी हव्यात: मिळालेल्या माहितीचा सारांश, मुचलक्याची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती ते. प्रत्यक्षात येणारा कागद बहुतेकदा छापील फॉर्म असतो. त्यात नाव-पत्ता पेनाने भरलेला, आणि खाली ‘अनावेदकाकडून शांतता भंग होण्याची प्रबळ शक्यता आहे’ एवढी एक ओळ (अनावेदक म्हणजे तुम्ही). ती ओळ म्हणजे सारांश नव्हे. तुम्ही कधी, कुठे, काय केलंत आणि त्यावरून पुढे काय घडेल असं वाटतं, हे त्यात असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७० मध्ये मधू लिमये प्रकरणात हेच सांगितलं, आणि चौकशी सुरू न करता अंतरिम मुचलका मागता येत नाही हेही.

बहुतेक लोक इथे चुकतात. पहिल्या तारखेला गेल्यावर बाबू म्हणतो, ‘सही करून टाका, काही होत नाही, फॉर्म्यालिटी आहे.’ निवृत्त माणूस घाबरलेला असतो, सही करून मोकळा होतो. आता ह्या सहीला काय चिकटतं ते बघा. दंड प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२ हा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. बोटांचे ठसे, तळहाताचे ठसे, फोटो, डोळ्यांची बुबुळं, सही, हस्ताक्षर असं सगळं घ्यायची मुभा तो देतो आणि हा तपशील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतो. कोणाकडून घ्यायचं त्या यादीत शिक्षा झालेले आणि अटक झालेले आहेत, तसेच शांतता राखण्यासाठी जामीन देण्याचा आदेश झालेलेही आहेत. म्हणजे जुन्या कलम ११७ चा, आताच्या १३६ चा अंतिम आदेश तुमच्यावर झाला की तुम्ही त्या यादीत बसता. निर्दोष सुटलेल्याचा तपशील नष्ट करण्याची तरतूद कायद्यात आहे, पण मुचलक्याच्या प्रकरणात ‘निर्दोष सुटका’ ही पायरीच नसते, त्यामुळे ती तरतूद तुमच्या हाताला सहज लागत नाही.

ह्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. ह्याच कायद्याखालचे सप्टेंबर २०२२ चे नियम सांगतात की नुसता मनाई आदेश मोडला म्हणून, किंवा जुन्या कलम १५१ खाली प्रतिबंधक अटक झाली म्हणून, ठसे-फोटो घेता येत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या गुन्ह्याचा आरोप लागतो. तसंच १२६ ची नुसती कारवाई सुरू झाली म्हणूनही घेता येत नाहीत. जामीन देण्याचा आदेश व्हावा लागतो. म्हणून नोटीस हातात असताना थान्यात कोणी मशीनवर बोटं ठेवायला सांगितली, तर नियमाचा हवाला देऊन ‘आदेशाची प्रत दाखवा’ असं शांतपणे म्हणा आणि तसं लिहूनही द्या. मात्र अंगाने विरोध करू नका, तो सरकारी कामात अडथळा धरला जातो.

तारखेला काय करायचं? वकीलपत्र द्या. पहिल्याच दिवशी लेखी उत्तर द्या: आरोप अमान्य, माहितीचा सारांश दिलेला नाही, पोलिसांच्याच व्हिडिओत सभा शांत असल्याचं दिसतं, तो व्हिडिओ रेकॉर्डवर आणावा. पुढे १३५ खाली समन्स खटल्यासारखी चौकशी व्हायला हवी. पोलिसांनी साक्षीदार आणायचे आणि तुमच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची. सहा महिन्यांत चौकशी संपली नाही आणि मुदत वाढवण्याची खास कारणं नोंदवली नाहीत, तर प्रकरण आपोआप संपतं. झाडांसाठी उभ्या राहिलेल्या माणसावरची अशी बरीच प्रकरणं इथेच विरतात, कारण साक्ष द्यायला कोणी येत नाही. वयामुळे किंवा गुडघ्यांमुळे दर तारखेला जाणं जमत नसेल तर कलम १३४ खाली वकिलामार्फत हजेरीची परवानगी मागा. मधल्या काळात अंतरिम मुचलका मागितला तर १३५(३) नुसार तातडीची कारणं लेखी हवीत, ती मागा. अंतिम आदेश विरोधात गेलाच तर ४१४ खाली सत्र न्यायालयात अपील करता येतं. आणि रक्कम? ती परिस्थितीला धरून हवी, अवाजवी चालत नाही, हे १३६ मध्येच लिहिलंय. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला पन्नास हजारांचा जामीनदार मागितला असेल तर उत्तरात पेन्शनचा आकडा टाका.

आता घरी आलेला शिपाई. ह्या बाबतीत मध्य प्रदेशचा स्वतःचा इतिहास आहे. इथल्या पोलीस नियमावलीतले ८५५ आणि ८५६ हे नियम पाळतीचे. ८५६ मध्ये काय काय बसतं ते वाचण्यासारखं आहे: माणसाच्या सवयी, संगत, उत्पन्न-खर्च ह्यांची वेळोवेळी चौकशी, दिवसा-रात्री अनियमित अंतराने घरभेटी, घराभोवती गुप्त पहारा, गावच्या कोटवाराकडून (राखणदाराकडून) जाण्यायेण्याची खबर आणि हे सगळं हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदीत, टिपणं. ह्या नियमांना आव्हान देणारा गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाली काढला. नियम रद्द झाले नाहीत, पण न्यायालयाने त्यांना घट्ट कुंपण घातलं. ज्याच्या वागण्यावरून त्याने गुन्हेगारीचंच आयुष्य पत्करलंय असं दिसतं, त्याच्यावरच पाळत. घरभेटी आणि पहारा फक्त समाजाच्या सुरक्षेला उघड धोका असेल तेव्हा. एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीवर नाही. हे नियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, असंही न्यायालयाने बजावलं. डिसेंबर १९८० च्या मलक सिंग निकालाने पुढे सांगितलं की पाळत ठेवण्यासाठी तशी वाजवी कारणं लागतात आणि ती माणसाच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणारी असता कामा नये. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर तर खासगीपणा हा मूलभूत हक्कच आहे. त्यावर घाला घालायचा तर कायदा हवा, वैध हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा.

फलक धरणारे रहिवासी ह्या कुंपणाच्या आत कुठेच येत नाहीत. शिपाई पुन्हा आला तर दारातच बोला, आत बोलावण्याची गरज नाही. त्याचं नाव आणि छातीवरचा बिल्ला वाचा, वेळ टिपा. ‘तुम्हाला कोणी पाठवलं, कोणत्या कलमाखाली, ते लिहून द्या, आम्ही लेखी उत्तर देऊ’ एवढंच बोला. किती जण येणार, कोण बोलावतंय, पैसे कोण देतंय ह्यावर अंदाजसुद्धा सांगू नका. तुमचा अंदाज त्याच्या अहवालात ‘कबुली’ म्हणून जातो. त्याच्याशी हुज्जतही नको, तो बिचारा वरून आलेलं काम उरकत असतो. सोसायटीच्या गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मात्र त्याच दिवशी काढून ठेवा. साध्या डीव्हीआरमध्ये हार्डडिस्कच्या आकारानुसार पंधरा दिवस ते महिनाभराचंच राहतं आणि मग त्यावरच नवं लिहिलं जातं.

त्याच आठवड्यात झोनच्या डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) एक पानी आवेदन द्या, प्रत आयुक्तांना. त्यात भेटीची तारीख-वेळ, आणि तीन मुद्दे: माझं नाव निगरानी रजिस्टर, गुंडा फाइल किंवा कोणत्याही यादीत आहे का, असल्यास कोणत्या आदेशाने, नसल्यास अशा भेटी बंद कराव्यात. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर येईलच असं नाही. पण पुढे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात रिट दाखल करायची वेळ आली, तर पहिला प्रश्न ‘तुम्ही वरिष्ठांना कळवलं होतं का’ हाच येतो.

काकूंचा व्हॉट्सअ‍ॅप. साक्षीसाठी बोलवायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि महिला, साठ वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसांना राहत्या जागेबाहेर बोलावताच येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. आरोपी म्हणून हजर होण्याची ३५(३) ची नोटीस असेल, तर तीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून तामील झाली असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. काकूंनी उत्तर द्यावं: ‘कृपया लेखी नोटीस घरी पाठवावी, मी उपलब्ध आहे.’ मेसेज पुसू नका, ब्लॉक करू नका.

आणि आधार नंबर. चौकात शांत उभ्या असलेल्या माणसाने पोलिसांना आधार किंवा मोबाइल नंबर द्यायलाच हवा अशी तरतूद नाही. समोर अदखलपात्र गुन्हा घडला आणि नाव-पत्ता नाकारला, तर कलम ३९ खाली अटक होऊ शकते. म्हणून नाव आणि वसाहत सांगा, तिथे थांबा.

खरं तर सगळ्यात मोठी गळती तुमच्याच हातून होते. ज्ञापन (निवेदन) द्यायला जाताना मागे सह्यांचे कागद जोडलेले असतात: नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, सही. त्याची एक फोटोकॉपी थान्यात जाते, आणि मग कोणाला कॅमेऱ्याची गरजच उरत नाही. पुढच्या वेळी सह्यांच्या कागदावर फक्त नाव आणि वसाहत ठेवा. मोबाइल नंबर वेगळ्या वहीत, एकाच माणसाकडे. फेसबुकवर गटाचा फोटो टाकताना नावं टॅग करू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दीडशे लोक असतील, तर त्यातला एखादा स्क्रीनशॉट पुढे पाठवणारा असणारच असं धरूनच लिहा. गुपित असं तुमच्याकडे नाहीच; पण ‘ह्यांना धडा शिकवू’ असला एखाद्याचा रागाचा मेसेज साठ जणांवरच्या नोटिशीचा सारांश होऊन बसतो.

आता पुढच्या महिन्याचं धरणं. शांततेने आणि निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९(१)(ख) मधला. त्यावर निर्बंध फक्त देशाची सार्वभौमता-एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था ह्यांसाठी. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह प्रकरणात घटनापीठाने १९७२ मध्ये ठरवलं की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येतं, पण परवानगी द्यायची की नाही ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा, निकष नसलेला नियम टिकत नाही. त्याच वेळी ७ ऑक्टोबर २०२० च्या शाहीन बाग निकालाने रस्ता बेमुदत अडवून बसण्याला मान्यता नाकारली. तुमचं धरणं दोन तासांचं आणि पदपथावरचं आहे, म्हणजे पहिल्या निकालाच्या सावलीत. ते तसंच ठेवा. ‘बेमुदत’ हा शब्द फलकावरसुद्धा नको.

तोंडी कळवणं म्हणजे न कळवल्यासारखंच. निदान सात दिवस आधी, जमलं तर दहा, झोनच्या डीसीपी कार्यालयात लेखी आवेदन द्या. प्रत थान्याच्या टीआयना (प्रभारी निरीक्षकांना). चौकाच्या दोन बाजू दोन थान्यांत पडू शकतात, म्हणून जागा नेमकी लिहा: पुतळ्याच्या कोणत्या बाजूचा पदपथ, कुठून कुठपर्यंत. सुरू आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या (थोडी वाढवूनच लिहा, साठ लिहून नव्वद आले की अट मोडली म्हणतात), चार स्वयंसेवकांची नावं, वाहनं कुठे लावणार, कचरा कोण उचलणार. तंबू किंवा मंच असेल तर नगर निगमचीही परवानगी लागते. लाउडस्पीकरला मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ खाली वेगळी परवानगी. ती नसेल तर हातातला भोंगाही नेऊ नका. कारण सभेवर काही सापडलं नाही की भोंग्यावर सापडतं.

उत्तर आलं नाही तर? तीन दिवस आधी स्मरणपत्र द्या: ‘अमुक आवक क्रमांकाच्या आवेदनावर उत्तर नाही, हरकत असल्यास कारणांसह कळवावं, म्हणजे पर्यायी जागा ठरवता येईल.’ नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकारावर खंडपीठात जाता येतं, आणि नकार कागदावर उतरवायची वेळ आली की बऱ्याचदा नकाराऐवजी अटी येतात. अटी वाचून घ्या, जमणाऱ्या नसतील तर तसं त्याच दिवशी कळवा.

मनाई आदेश आहे का ते दोन ठिकाणी तपासा. सुरक्षा संहितेच्या १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, शहरात पोलीस आयुक्त आदेश काढतात, पण कलेक्टरही काढतात. १ जानेवारी २०२५ पासून भीक देण्यावर जी बंदी आली ती ह्याच कलमाखाली जिल्हा प्रशासनाची होती. वर्तमानपत्रातल्या बातमीवर जाऊ नका, आदेशाची प्रत मिळवा आणि तीन गोष्टी पाहा: तारीख (दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही; पुढे सहा महिने फक्त राज्य सरकार वाढवू शकतं), हद्द (जवळचं महू हे इंदूरच्या आयुक्तांच्या हद्दीत नाही, तिथे ग्रामीण पोलीस आणि एसडीएम), आणि शब्द: सगळ्या जमावावर बंदी आहे की परवानगीशिवायच्या. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध व्हायला हवेत, त्यात कारणं हवीत, मतप्रदर्शन दडपायला ते वापरता येत नाहीत आणि एकामागून एक काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग आहे. १६३ मध्येच आदेश बदलून किंवा रद्द करून मागण्याची सोय आहे. अर्ज केला तर तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि फेटाळताना कारणं लिहावी लागतात. ही सोय फार कमी लोक वापरतात.

आदेश मोडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) २२३ खाली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, जीविताला धोका किंवा दंगा असेल तर एक वर्ष किंवा पाच हजार. पण नुसत्या एफआयआर आणि चलानावर (आरोपपत्रावर) न्यायालयाला ह्याची दखल घेता येत नाही. सुरक्षा संहितेच्या २१५ प्रमाणे संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. आपल्याकडे ती जोडायची बरेचदा राहून जाते. वकिलाने पहिल्याच तारखेला हे बघावं. आणि एफआयआरमध्ये २२३ च्या जोडीला रस्ता अडवल्याचं १२६ किंवा २८५ लावलंय का तेही बघावं (हे न्याय संहितेचं १२६, मुचलक्याचं नव्हे). ते लावलं की मघाशी सांगितलेल्या ठशांच्या नियमातला ‘दुसरा गुन्हा’ तयार होतो. म्हणूनच पदपथावरून एक पाऊलही खाली उतरू नका. स्वयंसेवकांचं मुख्य काम तेवढंच.

धरण्याच्या दिवशी दोन जणांनी फक्त चित्रण करायचं: पोहोचताना रिकामी जागा, दर अर्ध्या तासाला वाहतूक चालू असल्याचा एक लांब शॉट, आणि निघताना स्वच्छ जागा, कुंड्या-रेलिंगसकट. मध्य प्रदेशात मालमत्ता नुकसान वसुलीचा २०२१ चा कायदा आहे. त्याखाली दावा न्यायाधिकरण नुकसानीच्या दुपटीपर्यंत वसुली लावू शकतं आणि चिथावणाऱ्यालाही धरतं. तुम्ही गेल्यावर कोणी रेलिंग वाकवलं तर हे चित्रणच वाचवतं. कर्तव्यावरच्या पोलिसांचं दुरून चित्रण करायला मनाई नाही, अंगावर जाऊन करू नका. फाइल मूळ फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत आकुंचन पावते, तिची हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) बदलते, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र देताना तोच आकडा लिहावा लागतो.

फोन घरी ठेवावा का? माझ्या मते नाही. रीगलच्या टॉवरवर रविवारी सकाळीही हजारो फोन असतात. तुमचा तिथे होता ह्यातून काही सिद्ध होत नाही, आणि तुमचा व्हिडिओ नसणं हा मोठा तोटा. बोटाने उघडण्याची सोय बंद करून सहा आकडी पिन ठेवा. ठसा घेण्याची सक्ती होऊ शकते, पण डोक्यातला आकडा सांगण्याच्या सक्तीबद्दल न्यायालयांत अजून एकमत नाही. फोन जप्त केला तर जप्तीपंचनामा मागा, त्यात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहिलाय का ते बघा; जप्तीचं ध्वनिचित्रण कलम १०५ प्रमाणे व्हायलाच हवं. नोटीस आल्यावर चॅट पुसणं ही मात्र घोडचूक. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा होतो, आणि तो मूळ आरोपापेक्षा जड असू शकतो. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय हवीच असेल तर ती ग्रुप तयार करतानाच लावा.

फोन टॅप होतोय का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. टीआय किंवा डीसीपी तसा आदेश देऊ शकत नाहीत. डिसेंबर २०२४ च्या नियमांप्रमाणे तो गृहसचिवांचा, एका वेळी ६० दिवस, एकूण १८० दिवसांच्या आत, आणि समितीच्या पुनर्विलोकनासह. तातडीत आयजी दर्जाचा अधिकारी देऊ शकतो, पण त्याला मंजुरी लागते. झाडांच्या धरण्यासाठी कोणी इतका खटाटोप करत नाही. कोणी कोणाला किती वेळा फोन केला ह्याची यादी मात्र तपासाच्या नावाखाली कलम ९४ ने मागवता येते आणि कंपन्यांना ती निदान दोन वर्षं ठेवावी लागते.

ताब्यात घेतलंच तर आधी विचारा: अटक आहे की हटवणं? कलम १७० ची प्रतिबंधक अटक २४ तासांपलीकडे जात नाही, पण इंदूरमध्ये तिच्या पाठोपाठ १२६-१३५ चा कागद येतो आणि अंतरिम मुचलका न दिल्यास तुरुंगात पाठवतात. म्हणून एका नातेवाइकाकडे जामीनदाराची कागदपत्रं तयार ठेवा: ऋणपुस्तिका (शेतजमिनीच्या मालकीची वही) किंवा मकानाची रजिस्ट्री, आधार, फोटो. अटकेची कारणं लेखी मागा, नातेवाइकाला कळवल्याची नोंद बघा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. साठीवरच्या माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायला डीएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. थान्याच्या आतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग निदान एक वर्ष राहायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी प्रकरणात सांगितलंय. तरी जपून ठेवण्याचं आवेदन सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी द्या, वेळ आणि खोली लिहून.

मागच्या रविवारच्या व्हिडिओसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. ‘का शूटिंग केलं’ विचारू नका, ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: चित्रणाचा आदेश, ते करणाऱ्याचं बिल किंवा ड्यूटी लावल्याची रोजनामच्यातली नोंद, फुटेज किती दिवस ठेवायचं ह्याचं परिपत्रक आणि त्या दोन तासांच्या फुटेजची प्रत. ८(१)(ज) दाखवून तपासाचं कारण पुढे केलं, तर पहिल्या अपिलात विचारा की तपास कोणत्या गुन्ह्याचा आणि प्रत दिल्याने तो नेमका कसा अडतो. नुसता ‘तपास सुरू आहे’ एवढ्यावर माहिती अडवता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलंय. इतरांचे चेहरे असल्याची सबब आली तर कलम १० दाखवा, चेहरे झाकून देता येतात. पहिलं अपील तीस दिवसांत, मध्य प्रदेशात त्याची फी ५० रुपये; दुसरं राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत, फी १०० रुपये. हा अर्ज मुचलक्याच्या पहिल्या तारखेआधीच टाका आणि त्याची पावती लेखी उत्तराला जोडा, म्हणजे एसीपींपुढे व्हिडिओ मागणारे तुम्हीच होतात हे फाइलवर राहील.